भोंगा का वाजला नाही

१

गजानन लोहकरेला यंत्रघरातून ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याचे डोळे सताड उघडे होते, पण त्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला.

सौंसर रोडवरचं नत्थूजी कळंबे यांचं कोल्ड स्टोरेज त्या दिवसांत मृग बहाराच्या संत्र्यांनी गच्च भरलेलं होतं. एवढा माल थंड ठेवायचा तर नळ्यांतून अमोनिया फिरवावा लागतो, आणि अमोनिया गळला तर माणूस दोन श्वासांत कोसळतो. म्हणून यंत्रघराच्या भिंतीवर गॅस मोजणारं यंत्र होतं, छपरावर भोंगा होता, दाराबाहेर खुंटीवर मुखवटा टांगलेला होता. गॅस वाढला की भोंगा वाजणार, आणि वाजला की मुखवट्याशिवाय कोणी आत पाऊल टाकणार नाही. यंत्रघर सांभाळणाऱ्या गजाननने वर्षानुवर्षं हा नियम पाळला होता.

त्या दुपारी गॅस वाढला. भोंगा वाजला नाही.

उपनिरीक्षक भाग्यश्री धोटे दवाखान्यातून थेट यंत्रघरात आली. अग्निशमन दलाच्या बंबाने मारलेलं पाणी अजून फरशीवर होतं. वास विरला होता तरी डोळे चुरचुरत होते. तिने भिंतीवरच्या भोंग्याच्या पेटीकडे पाहिलं. पेटीला एक लाल बटण होतं. तिने ते दाबलं, शेजारचा दिवा लागला. सोडलं, दिवा विझला. बटणात काही खोट दिसत नव्हती.

"हे कशाचं?"

"तेलाचं," कुणाल म्हणाला. तो नत्थूजींचा भाचा, इथला सगळा कारभार त्याच्याकडे. त्याचे डोळे लाल होते आणि हाताला पट्टी होती. गजाननला त्यानेच बाहेर ओढलं होतं. "मशीनमधलं तेल काढताना थोडा गॅस सुटते. तेवढ्यासाठी भोंगा बोंबलू नये म्हणून. हे दाबलं की दहा मिनिटं तो गप. पण हे मी नव्हतं सांगितलं, मॅडम. त्या पोरीनं आपल्याच मनानं बसवलं."

"गजानन आत कशाला गेला होता?"

"तेलच काढायला. बाहेर हमालांसोबत चहा पिला अन् गेला. मी ऑफिसात होतो. वास आला म्हणून धावलो, तोंडाले ओला रुमाल बांधला अन् ओढलं त्याले. माझ्यापुढंच तडफडला तो."

"गॅस ज्यातून फुटला तो व्हॉल्व्ह कसा गेला?"

"जुना होता, पण चांगला चालत होता. एकाएकी गेला. मशीनचं काय सांगावं?"

"गजानन सुटीवर असला तर यंत्रघर कोण पाहतं?"

"मी. दुसऱ्या कोणाले मी तिथं हात लावू देत नाही." हे सांगताना त्याचा आवाज जरा ताठ झाला.

"घटनेनंतर इथं कोण आलं?"

"बंबवाले. ते पाणी मारून गेले अन् मी कुलूप ठोकलं. नंतर तुम्हीच. तिसरा माणूस नाही."

ती निघाली तेव्हा तो फाटकापर्यंत सोबत आला. "गळती मशीननं केली, मॅडम," तो म्हणाला. "पण गजाननले मारलं त्या पोरीच्या प्रोग्रामनं. भोंगा काहून नाही वाजला, ते प्रणाली गायधनेले विचारा."

२

प्रणालीच्या घराची समोरची काच फुटलेली होती. बातमी भाग्यश्रीच्या आधी पांढुर्ण्यात पोचली होती आणि बातमीमागून कोणीतरी दगड हाणला होता. तिचे वडील, निवृत्त शिक्षक, केरसुणीने काचा गोळा करत होते. त्यांनी भाग्यश्रीकडे पाहिलं आणि ते बाजूला सरले.

प्रणाली पुण्याची नोकरी सोडून आईच्या आजारपणात परतली होती आणि इथेच राहिली होती. गावातल्या जिनिंगवाल्यांना, बागाईतदारांना लागणारी छोटी यंत्रं ती जोडून द्यायची, त्यांचे प्रोग्राम लिहायची. कोल्ड स्टोरेजचा भोंगा हे तिचं सर्वांत मोठं काम.

"बटण तुम्ही आपल्या मनाने बसवलंत?"

"कुणालभाऊंनी मागितलं. भोंगा सारखा वाजतो, हमाल पळून जातात, ट्रक भरायचे राहतात, असं म्हणाले."

"लिहून दिलं?"

"इथं कोण लिहून देते, मॅडम? फोनवर बोलणं झालं."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं." तिने मान खाली घातली नाही. "पण दहाच मिनिटं. तेवढ्यानंतर प्रोग्राम आपोआप भोंगा मोकळा करते. मी तिथं उभी राहून तपासलं होतं."

"मग आज काय झालं?"

प्रणालीने लॅपटॉप पुढे ओढला. यंत्रघरातलं माप, बटणाच्या नोंदीसकट, दर क्षणाला ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर साठत असे, तिथून तिच्याकडेही येत असे. पडद्यावर एक रेघ सरळ चालली होती आणि एका जागी ती भिंतीसारखी उभी चढली होती.

"मापाचं यंत्र बिघडलं असतं, तार तुटली असती, तर मला समजलं असतं. तसं काहीच नाही झालं." तिचं बोट त्या चढावर थांबलं. "त्याला गॅस दिसत होता, मॅडम. दिसत असूनही तो गप बसला."

३

दुसऱ्या दिवशी भाग्यश्री सौंसरला गेली. गजाननचं घर माणसांनी भरलेलं होतं. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर नत्थूजी कळंबे एकटेच बसले होते. त्यांच्याजवळ कोणी फिरकत नव्हतं.

"मले तर वाटे आता सगळं ठीक झालं," ते आपणहून बोलू लागले. "आधी तो भोंगा रोज बोंबले. मी कुणालले म्हटलं, पाह्य बाबा काय आहे ते. मग आवाज बंद झाला. कुणाल म्हणाला, मामाजी, व्हॉल्व्ह नवा बसवला. मीही मग निश्चिंत झालो."

आत गजाननची बायको कलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोपऱ्यात गजाननचं सामान होतं: चपला, जेवणाचा डबा, खांद्यावर टाकायचा दुपट्टा. दुपट्ट्याच्या एका टोकाला काळं तेल लागलेलं होतं आणि ते टोक चुरगळून पिळासारखं झालं होतं.

"काकू, त्यांनी भोंग्याबद्दल घरी कधी काही सांगितलं होतं?"

"नाही जी." उत्तर फार लवकर आलं. मग त्या दुसरंच बोलू लागल्या. "मागच्या बुधवारी आमी तिगावले होतो. माझ्या भाचीचा साखरपुडा. दिवसभर हे तिथंच. पंगतीत बुंदी वाढून राहिले होते, इतके हसून राहिले होते. मले काय माहीत, मंगळवारी असे येतील."

शेजारच्या बाईने त्यांचं डोकं कुशीत घेतलं. भाग्यश्री उठली. दारातून निघताना तिला वाटलं, कलाबाई आपल्या चेहऱ्याकडे पाहत नाहीत, हातांकडे पाहत आहेत. आपण कशाला हात लावतो यावर लक्ष ठेवून आहेत.

४

भाग्यश्री पोलिसात येण्याआधी नागपूरला इंजिनिअरिंग शिकली होती, पण प्रणालीचा प्रोग्राम तिला पेलणारा नव्हता. तिने तृप्तीला फोन लावला. तृप्ती तिची वर्गमैत्रीण. आता सॉफ्टवेअर कसं बिघडतं यावर संशोधन करत होती.

"एक साधन आहे," तृप्ती म्हणाली. "अजून प्रयोगच चालला आहे त्याच्यावर. काही उतरवून घ्यायचं नाही, ब्राउझरमध्ये पान उघडायचं. प्रोग्राम टाक, मापं टाक. ते पुन्हा तसंच चालवून दाखवेल. मग त्याला प्रश्न विचारता येतो. अमुक गोष्ट का झाली, किंवा का झाली नाही."

"का झाली नाही, हेसुद्धा?"

"त्यासाठीच तर ते बनवलं आहे."

"हा पुरावा आहे, तृप्ती. बाहेर कुठे जाता कामा नये."

"जात नाही. सगळं तुझ्याच मशीनवर, त्या पानातच चालतं. पण आमच्या शब्दावर कोणाला तुरुंगात टाकू नकोस, एवढं ध्यानात ठेव."

पानाच्या माथ्यावर पिवळ्या पट्टीत तोच इशारा होता: हे साधन प्रायोगिक आहे, उत्तर स्वतः पडताळून पाहा. भाग्यश्रीने प्रोग्राम टाकला, प्रणालीने दिलेली मापं टाकली. डावीकडे प्रोग्रामच्या ओळी आल्या, उजवीकडे चढत जाणारी रेघ, आणि खाली घंटेचं एक करडं चिन्ह. तो भोंगा. भोंगा वाजला असता तर ते लाल झालं असतं. ती दुपार पडद्यावर पुन्हा घडून गेली आणि घंटा करडीच राहिली.

तिने घंटेवर क्लिक केलं. प्रश्न निवडला: का वाजला नाही?

डावीकडची एक ओळ पिवळी झाली. भोंगा वाजला नाही, कारण त्या वेळी 'तेल काढणे चालू' ही खूण लागलेली होती, आणि खूण असेपर्यंत भोंगा दाबून धरायचा असं ही ओळ सांगते.

ती ओळ प्रणालीने लिहिली होती. गेल्याच महिन्यात.

थान्याचे प्रमुख, टीआय साहेब, यांनी उत्तर वाचलं आणि प्रणालीला बोलावून घ्यायला सांगितलं. ती वडिलांसोबत थान्यात आली तेव्हा फाटकाबाहेर सौंसरहून आलेली माणसं उभी होती. "हीच ती," असं कोणीतरी म्हणालं. एक बाई थुंकली. वडिलांनी मुलीचा हात धरला तो आत येईपर्यंत सोडला नाही.

५

"माझीच ओळ आहे," पडद्याकडे पाहून प्रणाली म्हणाली. "मी कुठं नाही म्हटलं? पण खूण दहा मिनिटांनी पुसली जायला पाहिजे होती. ती काहून नाही पुसली? हे साधन तेवढं सांगून थांबते का?"

भाग्यश्री थबकली. तिने एक प्रश्न विचारला होता, एक उत्तर मिळालं होतं, आणि त्या उत्तरावर एका मुलीला फाटकाबाहेरच्या माणसांमधून चालत यावं लागलं होतं. तृप्तीने इशारा दिला होता तरीही.

तिने पिवळ्या ओळीवर क्लिक केलं. खूण पुसली का गेली नाही?

दुसरी ओळ उजळली. घड्याळ दहा मिनिटांपर्यंत पोचलंच नाही, कारण ते पुन्हा पुन्हा शून्यावर येत होतं.

शून्यावर का येत होतं?

कारण बटण दाबलेलं होतं. प्रत्येक क्षणाला दाबलेलंच होतं.

बटण दाबलेलं का होतं?

या वेळी एकही ओळ उजळली नाही. पानावर एवढंच आलं: ही गोष्ट प्रोग्राममध्ये घडलेली नाही, ती बाहेरून आली.

प्रणालीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "कोणीतरी ते धरून ठेवलं," ती म्हणाली. "नाहीतर बांधून ठेवलं. माणूस दाबेल अन् सोडेल, एवढंच मी धरून चालली होती. सोडलंच नाही तर, हा विचार माझ्या डोक्यातच नाही आला. एक अट टाकायची होती, मॅडम. एवढीशी."

भाग्यश्रीचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती मापांवरून पुढे पुढे सरकत होती. बटण सकाळपासून दाबलेलं. गॅस चढला तेव्हा दाबलेलं. गॅस उतरला, बंबाचं पाणी मारून झालं, तरी दाबलेलं. मग एके ठिकाणी ते सुटलं होतं.

"हे पाहा," ती हळूच म्हणाली. "बटण सुटलं तेव्हा गजानन दवाखान्यात मरून पडला होता."

६

मेलेला माणूस बटण सोडत नाही. कुणी जिवंत माणूस त्या खोलीत गेला होता, आणि जे काही बांधलेलं होतं ते काढून घेऊन गेला होता. कुणाल म्हणाला होता, बंबवाले सोडले तर कोणी नाही. बंबवाल्यांनी पेटीला हात लावला नव्हता. भाग्यश्रीने त्यांच्याकडे जाऊन विचारून घेतलं.

परतीच्या वाटेवर तिने गाडी सौंसरकडे वळवायला सांगितली. गजानन कामावर गेला की चपला दाराशी काढायचा, डबा आणि दुपट्टा यंत्रघरातल्या खिळ्याला अडकवायचा. हमालांनी तिला हे सांगितलं होतं. त्याला ओढून काढलं तेव्हा त्याच्या अंगावर फक्त सदरा-पँट होती, पायांत काही नव्हतं. दवाखान्यात त्याच्यासोबत सामान आलं नव्हतं. तरी ते सामान त्याच्या घरी, कोपऱ्यात ठेवलेलं होतं.

घरातली गर्दी आता ओसरली होती. कोपऱ्यात चपला होत्या, डबा होता. दुपट्टा दिसत नव्हता. मागच्या अंगणात कलाबाई दगडावर तो घासत होत्या.

"काकू, राहू द्या तो."

कलाबाईंचे हात थांबले नाहीत. "मळला होता जी."

"तेल लागलं होतं. तुम्ही तो बटणावरून सोडला."

साबणाचा फेस मनगटापर्यंत आलेल्या त्या हातांनी दुपट्टा घट्ट धरला.

"मले फोन आला तवा मी घरीच होती," त्या म्हणाल्या. "माझ्या भाच्याच्या मोटारसायकलवर गेली. पोचली तं दवाखान्याची गाडी निघून गेली होती. माझ्यासाठी कोणी थांबलं नाही. कोणी माझ्या तोंडाकडं पाहत नव्हतं, तवाच मी समजली. मग मी त्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, कुलूप लागायचं होतं. म्हटलं, यांच्या चपला तरी घेऊन जाऊ. अन् पाहते तं यांचा दुपट्टा त्या बटणावर बांधला होता. पेटीच्या मागून घेऊन, पीळ देऊन."

"तुम्हाला समजलं ते काय आहे?"

"हाव." त्यांनी डोळे पुसले, गालाला फेस लागला. "ते एकदा सांगत होते. भोंगा बंद करायला आता बटण आलं, पण दहा मिनिटांनी पुन्हा बोंबलते, म्हणून कुणालसाहेब बांधून ठेवा म्हणते. मले हे पटत नाही, कले, असं म्हणाले. मी म्हटलं, साहेब सांगते तं करा. मीच म्हटलं."

"मग काढला कशाला?"

"अन् काय करू, मॅडम? लोक म्हणले असते, आपल्याच हातानं मेला. येड्यानं भोंगा बांधला अन् मेला. इतके वर्षं काम केलं त्यांनी. एक चूक नाही. ते गेले, आता नावही जाईल?"

"तो दुपट्टा गेला म्हणून एक मुलगी थान्यात बसली आहे, काकू. तिच्या घरावर लोक दगड मारत आहेत."

कलाबाईंनी ओला दुपट्टा मांडीवर ओढून घेतला. "मले ते माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. आणि मग, फार हळू: "माहीत होतं. पाव्हणे बोलून राहिले होते."

७

"बायको आहे त्याची, ती असंच बोलणार," कुणाल म्हणाला. "मी कोणाले काही बांधायले सांगितलं नाही. त्याले भोंग्याचा कंटाळा होता. त्यानं आपल्या मनानं बांधलं अन् आपल्याच जिवाशी खेळला. मले दुःख आहे, पण माझा काय संबंध?"

कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात तो, नत्थूजी आणि भाग्यश्री, तिघंच होते. बाहेर हमाल ट्रकमधून संत्र्याची खोकी उतरवत नव्हते. काम बंद होतं. आतला माल गरम होऊ लागला होता, आणि त्याचा गोडसर, आंबूस वास ऑफिसापर्यंत येत होता.

भाग्यश्रीने लॅपटॉप टेबलावर ठेवला. "काल मी या साधनात फक्त त्या एका दुपारची मापं टाकली होती. आज मागचे सगळे दिवस टाकले. बटण केव्हा केव्हा धरून ठेवलं होतं, तेवढंच पाहायला. तुम्ही सांगा, गजानन कंटाळून बांधत होता, तर ते कोणत्या दिवशी बांधलेलं असेल?"

"तो कामावर असेल त्या दिवशी."

"बरोबर. आणि तो नसेल त्या दिवशी?"

कुणालने हातावरची पट्टी चाचपली.

"मागच्या बुधवारी तो तिगावला होता. मेव्हणीच्या घरी साखरपुडा. पंगतीत वाढताना शंभर लोकांनी त्याला पाहिलं, मी आज तिथल्या दोघांशी बोलून आले. त्या बुधवारी सकाळी बटण दाबलं गेलं आणि संध्याकाळपर्यंत सुटलं नाही." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "तो नसला की यंत्रघर तुम्ही पाहता. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. हे मला तुम्हीच सांगितलंत."

"हे काय कोर्टात चालते?" कुणाल पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला. "वरच लिहिलं आहे, प्रायोगिक म्हणून."

"हे नाही चालणार. पण मापं तुमच्याच ऑफिसातली आहेत, ती चालतील. आणि एक गोष्ट या साधनाने सांगितलेली नाही." ती नत्थूजींकडे वळली. "काकाजी, व्हॉल्व्ह नवा बसवला असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

नत्थूजींनी भाच्याकडे पाहिलं. "यानंच."

"मला हे म्हणाले, व्हॉल्व्ह जुना होता. आणि फुटलेला व्हॉल्व्ह आमच्याकडे आहे. जुनाच आहे. भोंग्याचा आवाज बंद झाला तो व्हॉल्व्ह बदलल्यामुळे नाही. बटण बांधल्यामुळे. गळती तेव्हाही चालूच होती."

मग नत्थूजी उठले, भाच्याच्या समोर जाऊन उभे राहिले. "कुणाल, तू मले म्हणाला, काम झालं."

"प्लान्ट बंद करावा लागला असता, मामाजी!" कुणालचा आवाज फुटला. "मृगाचा सगळा माल आत होता. गॅस काढा, नळ्या रिकाम्या करा, मिस्त्री बोलवा. तोवर सगळं सडलं असतं. लोकांनी आपल्या भरवशावर माल ठेवला होता. महिनाभराचा प्रश्न होता. हंगाम संपला की मी बदलणारच होतो. थोडाच तर गळत होता."

"अन् गजाननले तूच सांगितलं बांधायले?"

"तो बांधायले तयारच नव्हता. तीन-चार वेळा सांगावं लागलं." हे बोलून गेल्यावर त्याला आपण काय बोललो ते समजलं. तो खुर्चीत बसला. "संध्याकाळी मी तो दुपट्टा काढायले गेलो होतो, तुम्ही यायच्या आधी," तो खालच्या मानेने म्हणाला. "तं तो तिथं नव्हताच. मले वाटलं, देवानंच वाचवलं."

भाग्यश्रीने शिपायाला हाक मारली. कुणालला नेत असताना नत्थूजी खिडकीशी पाठमोरे उभे होते.

"मॅडम, मी एकदा जाऊन पाहिलं असतं तं..." ते म्हणाले. "यंत्रघर इथून तीस पावलांवर आहे. मी विचारलं, त्यानं सांगितलं, मी मान हलवली."



८

कलाबाई बयान द्यायला थान्यात आल्या. आपण पुरावा हलवला त्याचीही नोंद होईल, हे भाग्यश्रीने त्यांना आधीच सांगितलं होतं. तरी त्या आल्या. प्रणालीही बयान द्यायला आपला लॅपटॉप घेऊन आली होती. दोघी समोरासमोर आल्या.

"बस बाई," कलाबाई म्हणाल्या आणि बाकावर जागा केली.

प्रणाली बसली. थोड्या वेळाने कलाबाईंनी विचारलं, "त्याच्यात ते सगळं पुन्हा दिसते म्हणे?"

"हो."

"मग दुपट्टा बांधला नसता तं काय झालं असतं, तेही दिसते?"

प्रणालीने भाग्यश्रीकडे पाहिलं. भाग्यश्रीला ते उत्तर माहीत होतं. कालच तिने एकटीने चालवून पाहिलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

"काकू, नका पाहू."

"दाखवा."

प्रणालीने पान उघडलं. बटणाच्या ठिकाणी 'सुटलेलं' असं केलं आणि ती दुपार सुरू केली. रेघ सरळ चालत आली. मग ती जरा वर उचलली गेली, आणि त्याच क्षणी खालची घंटा लाल झाली. आवाज काही आला नाही. रेघ अजून भिंतीसारखी चढायची होती, आणि घंटा लाल होऊन बसली होती.

"तवा हे कुठं होते?" कलाबाईंनी विचारलं.

"बाहेर," भाग्यश्री म्हणाली. "हमालांसोबत. चहा पीत होते."

कलाबाई त्या लाल घंटेकडे पाहत राहिल्या. प्रणालीने पान बंद करायला हात पुढे केला, तो त्यांनी धरला आणि धरूनच ठेवला. प्रणाली रडू लागली तरी सोडला नाही.

"तिथं आता दुसरा माणूस लावतील," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी ते नीट कर."

"केलं, काकू. काल घरी बसून पहिलं तेच केलं. आता कोणी बांधलं तरी वाजते."

कलाबाईंनी मान हलवली. मग त्या उठल्या, भाग्यश्रीच्या टेबलासमोर येऊन बसल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"लिहा, मॅडम. बांध म्हणणारा कुणाल होता. अन् गाठ आमच्या यांची होती, मी ओळखली. दोन्ही लिहा. एक लिहून एक सोडू नका."